तीनदा घासूनही ४७ ची कॅप हाय का राहते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. खालच्या उजव्या दुसऱ्या दाढेवर, म्हणजे ४७ वर, रूट कॅनालनंतर झिर्कोनियाची कॅप दिली. प्रेप (कॅपसाठी दात घासून कमी करणं) झाल्यावर दीड मिलिमीटर जागा डोळ्यांना नीट दिसत होती. लॅबने मात्र ‘डॉक्टर, जागा कमी आहे’ असा फोन केला आणि तुम्ही ‘बसवा तेवढ्यात’ म्हणालात. कॅप आली ती हाय, म्हणजे बाकीच्या दातांआधी टेकणारी. सिमेंट झाल्यावर तीन भेटींत घासली. आता टेकण्या दाखवणाऱ्या रंगीत पेपरवर खुणा शहाण्यासारख्या उमटतात, पण पेशंट म्हणतात, ‘टकटक केलं तर ठीक, घास चावताना लागतं.’ कॅपही पातळ झाली आहे. तुम्ही विचारता: चूक लॅबची का? पुढच्या वेळी लॅबला कॅप बाईटच्या (दात मिटल्यावर टेकतात त्या पातळीच्या) जरा खाली ठेवायला सांगू का? आणि असल्या कामाला फेसबो (वरच्या जबड्याचं सांध्याशी असलेलं नातं लॅबच्या यंत्रावर नेणारं साधन) लागतो का?

आधी थोडक्यात उत्तरं देते. लॅबची चूक असूही शकते, पण ४७ च्या बाबतीत माझा पहिला संशय तुमच्या प्रेपनंतरच्या अर्ध्या तासावर आहे. कॅप खाली ठेवायला सांगू नका. फेसबो या केसला नको. आणि आज पुन्हा बर (घासायचं टोक) हातात घेण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासा, कारण तिसऱ्या भेटीत तुम्ही हाय पॉइंट घासला की दुखऱ्या लिगामेंटच्या (मुळाला हाडाशी धरणाऱ्या तंतूंच्या) मागे धावलात, हे अजून ठरलेलं नाही.

तोंड न बघता काही गोष्टी मला ठरवता येणार नाहीत. ४७ च्या समोरची वरची दाढ, १७, शाबूत आहे की उतरून खाली आली आहे, पेशंट रात्री दात खातात का, सुळे झिजलेत का, तोंड किती उघडतं, यावर पुढचं बरंच काही बदलतं. जिथे बदलतं तिथे तसं सांगते.

कानासमोर बोटं ठेवून तोंड सावकाश उघडा. पहिली दोन-अडीच सेंटिमीटर कॉन्डाइल (खालच्या जबड्याचं सांध्यातलं टोक) जवळपास जागीच फिरतो, नंतर पुढे सरकत उतारावरून खाली येतो. म्हणजे या दरवाजाची बिजागरीच चौकटीवरून सरकते. त्यामुळे जबड्याला मिटण्याच्या दोन जागा असतात: एक दात सांगतात ती, दुसरी सांधा सांगतो ती. दात घट्ट मिटले की मिळते ती पहिली. कॉन्डाइल खाचेत वर-पुढे नीट टेकलेला असताना, स्नायू सैल सोडून, दात पहिल्यांदा जिथे टेकतात ती दुसरी. बहुतेक लोकांत या दोन जागा जुळत नाहीत. फरक छोटा असतो, साधारण मिलिमीटरभराचा, आणि पेशंटला त्याचा पत्ताही नसतो. सांध्याच्या जागेतल्या त्या पहिल्या टेकणीवरून जबडा घसरून रोजच्या जागी जातो आणि स्नायूंना तो रस्ता पाठ असतो. पॉसेल्टने १९५२ मध्ये जबड्याच्या हालचालींच्या सीमा आखून दाखवल्या. त्या आकृतीच्या अगदी वरच्या टोकाला ही घसरण आहे, आणि आपलं कॅपचं सगळं काम त्या टोकातच चालतं.

आता ४७ कडे या. ती पहिली टेकणी बरेचदा सगळ्यात मागच्या दाढांवर असते. समजा तुमच्या पेशंटची ती टेकणी नेमकी ४७ वरच होती. म्हणजे ही दाढ त्या बाजूच्या जबड्याचा अडसर होती. तुम्ही तिच्यावरून दीड मिलिमीटर काढलं आणि अडसर निघाला. सुरुवातीला स्नायू जुन्या सवयीने मिटतात, म्हणून जागा दिसते. इम्प्रेशन (दातांचा ठसा), कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा), टेम्पररी कॅप यात अर्धा तास जातो, कॉन्डाइल वर बसतो, आणि ४७ त्याच्या सगळ्यात जवळ असल्याने तीच सगळ्यात जास्त वर जाते. दीडाचं एक होतं, एकाचं पाऊण. लॅबला दिसली ती हीच जागा. लॅबवाला खोटं बोलत नव्हता आणि तुमचे डोळेही चुकले नव्हते. दोघांनी वेगवेगळ्या वेळचा जबडा पाहिला.

हे आधी ओळखता येतं आणि वेळ फार जात नाही. शेवटची दाढ प्रेपला घेण्यापूर्वी, भूल देण्याच्या आधी, समोरच्या दातांत कापसाचे रोल धरून पेशंटला पाचेक मिनिटं बसवा. मागच्या दातांना टेकायला मिळालं नाही की स्नायू पाठांतर विसरतात. लीफ गेज (समोरच्या दातांत धरायचा पातळ पट्ट्यांचा गठ्ठा) असेल तर उत्तम. मग रोल काढून, दात चावू न देता, हनुवटीला हलका आधार देत मिटवा आणि विचारा, ‘आधी कुठे लागलं? बोटाने दाखवा.’ बोट ४७ वर गेलं तर थांबा. ४६ वर, म्हणजे तिच्या पुढच्या शेजारच्या दाढेवर, किंवा दुसऱ्या बाजूला गेलं तर बिनधास्त पुढे जा.

थांबा म्हणजे केस सोडा असं नाही. एक सोपी युक्ती: चघळण्याच्या पृष्ठभागाचा अर्धा भाग आधी कमी करा आणि उरलेल्या अर्ध्यावर दात टेकत असतानाच त्या कमी केलेल्या भागात बाईट रजिस्ट्रेशनचं (टेकण्याचा ठसा घेणारं) सिलिकॉन घाला. ते सेट झालं की उरलेला भाग कमी करा आणि तेच रेकॉर्ड पुन्हा बसवून दुसऱ्या अर्ध्यात मटेरियल भरा. उंची हातातून निसटत नाही. दुसरं, टेम्पररी कॅप बाईटमध्ये टेकती ठेवा. ‘टेम्पररीच आहे, खाली असली तर बरं, तुटणार नाही’ हा विचार शेवटच्या दाढेवर महाग पडतो. टेम्पररी आठ-दहा दिवस न टेकता राहिली तर अडसर नसल्यासारखंच आहे. घसरण फार मोठी असेल, किंवा त्या बाजूला दोन-तीन कॅप एकदम करायच्या असतील, तर आधी बाईट सुधारावा लागतो. तो वेगळा विषय आहे आणि एका कॅपसाठी त्यात शिरू नये.

जागा डोळ्यांनी मोजणं सोडा. शेवटच्या दाढेच्या मागच्या भागाकडे आपण नेहमी तिरकं बघतो. मऊ पट्ट्या मिळतात, एक, दीड, दोन मिलिमीटरच्या. प्रेपवर ठेवून मिटवायचं, ओढली की सुटली पाहिजे. पट्टी नसेल तर मऊ केलेलं मेण चाववा आणि जाडी मोजण्याच्या गेजने सगळ्यात पातळ जागा मोजा. हे दोनदा करा: प्रेप संपल्यावर एकदा, आणि इम्प्रेशनच्या अगदी आधी पुन्हा. दोन आकड्यांत फरक आला तर लॅबचा फोन यायच्या आधीच तुम्हाला कळलं.

पातळ जागा बहुतेक वेळा डिस्टल (मागच्या) बाजूला सापडते. कारण साधं आहे. तोंड कमी उघडलं की हँडपीसचं डोकं वरच्या दातांना अडतं, बर पुढे कलतो, मिझियल (पुढच्या) बाजूला दोन मिलिमीटर जातं आणि डिस्टलला पाऊणच. आपल्याकडे सुपारी-गुटख्यामुळे तोंडात घट्टपणा आलेले पेशंट कमी नाहीत. पुढच्या दातांमधलं अंतर पस्तीस मिलिमीटरच्या खाली असेल तर डेप्थ ग्रूव्ह (खोली ठरवणाऱ्या खाचा) घातल्याशिवाय मी दुसऱ्या दाढेला हात लावत नाही, लहान डोक्याचा हँडपीस आणि आखूड बर काढते, आणि झिर्कोनियाचा हट्टही धरत नाही. पूर्ण मेटलची कॅप कमी जागेत भागते आणि तिथे कोणाला दिसत नाही. पेशंटला पांढरीच हवी असेल तर त्यांना आरसा देऊन स्वतःची ४७ शोधायला सांगावी.

आता ‘टकटक ठीक, चावताना लागतं’ याकडे वळते. तुमच्या प्रश्नातलं हे सगळ्यात उपयोगी वाक्य आहे. टकटक करताना जबडा सरळ वर येतो. घास चावताना तो तसा येत नाही. उजवीकडे चावताना जबडा उघडून उजवीकडे झुकतो, बाहेरून आत येत मिटतो आणि मध्यातून पुढे थोडा पलीकडेही जातो. तुम्ही पेपरवर फक्त शेवटचा बिंदू तपासला. चावणं म्हणजे त्या बिंदूपर्यंत येणारे उतार आहेत.

४७ वर दोन उतार बघायचे. पेशंटने जबडा डावीकडे सरकवला की उजवी बाजू नॉन-वर्किंग (जिकडे जबडा सरकत नाही ती) होते आणि १७ चा टाळूकडचा कस्प (दाढेचा उंचवटा) ४७ च्या डिस्टोबक्कल (मागच्या, गालाकडच्या) कस्पच्या आतल्या उतारावरून बाहेर जातो. प्रेपमध्ये डिस्टलला जागा कमी राहते ती नेमकी इथे, आणि लॅब कस्पला छान उंच टोक काढते तेही इथेच. सांध्याच्या इतक्या जवळ नॉन-वर्किंग बाजूला घासलं की तो दात आडवा ढकलला जातो, आणि आडवा जोर लिगामेंटला उभ्यापेक्षा लवकर खुपतो. दुसरा उतार उजवीकडे सरकताना: ४७ च्या गालाकडच्या कस्पचा बाहेरचा उतार आणि १७ च्या गालाकडच्या कस्पचा आतला उतार.

सुळे चांगले असतील तर बाजूला सरकताच त्यांनी मागच्या दाढा सोडवायला हव्यात. पहिल्या मिलिमीटरभर सरकण्यातच ४७ सुटली पाहिजे. सुळे सपाट झाले असतील, म्हणजे वर्षानुवर्षं सुपारी कातरून खाणाऱ्यांत दिसतात तसे, तर भार त्या बाजूचे अनेक दात वाटून घेतात. तिथे ४७ ने बाजूच्या दातांपेक्षा जास्त काम करता कामा नये, आणि लॅबला ‘कस्प बसके, शेजाऱ्यांसारखे’ असं लिहून द्यावं लागतं. झिजलेल्या तोंडात पुस्तकातल्या चित्रासारखी दाढ आली की ती अडणारच.

तपासताना पेशंट जबडा हळूच, घाबरत सरकवतात. तेवढ्यात काही दिसत नाही, कारण चावताना स्नायू जबडा वर ओढत असतात. म्हणून डावीकडे सरकवताना उजव्या जबड्याच्या कोनाखाली हात ठेवून वर दाब द्या. लपलेली लाल रेघ तेव्हा उमटते.

रंगांचा क्रम असा: आधी लाल, डावीकडे-उजवीकडे-पुढे सगळ्या सरकत्या हालचाली. मग निळा किंवा काळा, फक्त टकटक, दोन-तीनदा. निळ्या ठिपक्यांना हात लावायचा नाही. निळ्याबाहेर उरलेलं लाल ४७ वर असेल तर ते काढायचं, कस्पचं टोक न घालवता, उतारावर १७ च्या कस्पला जायला उथळ वाट करून. तुम्ही तीन भेटींत निळंच घासलं असेल तर आता कॅप टकटक करताना जेमतेम टेकते आणि उतारावर अडते. तुमच्या पेशंटचं वाक्य याच्याशी तंतोतंत जुळतं.

पेपरविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण निम्मे घोळ इथे होतात. पेपरची खूण कुठे टेकतं ते सांगते. किती जोराने, ते सांगत नाही. मोठा ठिपका म्हणजे जास्त भार असं नसतं. सपाट जागी हलकं टेकलं तरी मोठा डाग येतो आणि टोकदार जागी जबर टेकलं तरी बारीक. त्यातल्या त्यात कडा गडद आणि मध्ये रंग उडालेली रिंग दिसली तर तिथे दाब आहे असं धरा. जाडीचंही बघा. दोनशे मायक्रॉनचा निळा पेपर बऱ्याच क्लिनिकमध्ये पडलेला असतो. माणसाच्या दाताला वीसेक मायक्रॉनची वस्तूही जाणवते. म्हणजे पेशंटच्या जाणिवेपेक्षा दहापट जाड कागदाने आपण त्याची तक्रार तपासतो आणि वर ‘पेपरवर काही दिसत नाही’ म्हणतो. चाळीस मायक्रॉनचा पेपर वापरा, दात हवेने कोरडे करा, पेपर प्रत्येक वेळी नवा घ्या. ग्लेझ केलेल्या झिर्कोनियावर खूण धरत नसेल तर पेपरला व्हॅसलिनचं बोट लावा, अगदी पुसटसं. उलट बाजूही आहे: बरने घासून खरखरीत सोडलेली झिर्कोनिया सगळीकडे रंग पकडते आणि न टेकणाऱ्या जागाही टेकल्यासारख्या दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तुम्हाला भरपूर खुणा दिसल्या असतील तर त्यातल्या काही अशाच.

भरवसा ठेवायचा तो शिमस्टॉकवर. आठ मायक्रॉनची चकचकीत पट्टी, आर्टरी फोर्सेप्समध्ये (चिमट्यात) धरायची, दोन दातांत ठेवून मिटवायचं आणि ओढायची. तीनच उत्तरं: धरते, घासत निघते, सुटते. पेशंटला भूल देण्याआधी, चेअर सरळ करून बसवून, मी पाच जोड्या (खालचा दात आणि त्याच्या समोरचा वरचा) बघते आणि केस पेपरवर लिहिते. तुमच्या केसमध्ये त्या अशा असत्या: ४६-१६, ४५-१५, ४४-१४, आणि डावीकडे ३६-२६, ३५-२५. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढचा सगळा हिशेब याच्याशी मांडायचा असतो. कॅप ट्रायलला आली की आधी कॅपशिवाय त्याच जोड्या बघायच्या. मग कॅप घालून बघायच्या. आधी धरणारी ४६ आता सुटली, तर कॅप हाय आहे, पेशंट काहीही म्हणोत. किती हाय, याचा अंदाजही येतो: ४६ वर चाळीस मायक्रॉनचा पेपरसुद्धा सुटत असेल तर साधारण तेवढी तरी आहेच. ४७ बिजागरीजवळ आहे, त्यामुळे तिथली थोडी उंची पुढच्या दातांत दुप्पट-तिपटीने उघडते. सगळ्या जोड्या आधीसारख्या आल्या आणि ४७ वरही पट्टी धरली, की घासणं बंद. त्यानंतर पेशंटच्या ‘जरा वेगळं वाटतंय’वर बर फिरवायचा नाही.

चेअर सरळ करण्यावर मुद्दाम भर देते. आडवं झोपवलं की जबडा किंचित मागे पडतो आणि दात थोडे मागे टेकतात. जेवताना माणूस ताठ बसलेला असतो. झोपवून जुळवलेली कॅप घरी जाऊन पहिल्याच घासाला लागते. खालच्या जबड्याला पूर्ण भूल असेल तर पेशंट कुठेही चावतात. त्या दिवशी अंतिम बाईट ठरवायचाच नाही. ४७ चं रूट कॅनाल झालं आहे, तर ट्रायलला सहसा भूल लागतच नाही. रूट कॅनालनंतर नस नाही म्हणून हाय कळणार नाही, हा समज पेशंटइतकाच काही डॉक्टरांतही आहे. उंची कळते ती मुळाभोवतीच्या लिगामेंटला, आणि ते शाबूत असतं.

ट्रायलचा क्रम चुकला तरी कॅप हाय वाटते. ४६ कडचा कॉन्टॅक्ट घट्ट असेल तर कॅप पूर्ण बसतच नाही, वर तरंगते, आणि आपण वरून घासत बसतो. फ्लॉस कटकन आवाज करत जावा, पण फाटू नये. मग मार्जिन (कॅपची कड) एक्सप्लोररने (टोकदार सुईने) सगळीकडून, मग गरज वाटली तर आतून फिट तपासणारं सिलिकॉन, आणि बाईट सगळ्यात शेवटी. सिमेंटचंही तसंच. जाडसर कालवलं, कॅप काठोकाठ भरली, तर ती पूर्ण खाली जात नाही. आतल्या भिंतींना पातळ थर पुरतो. बोटाने घट्ट दाबून, सेट व्हायच्या आधीच, ४६ वर शिमस्टॉक धरून बघते. सुटली तर अजून दाबायला वेळ असतो. सेट झाल्यावर फक्त घासणं उरतं.

लॅबकडे येऊ. कास्ट (ठशात ओतलेल्या दातांच्या प्रतिकृती) जुळले नाहीत तर कोणतीही लॅब कॅप हाय करणार, आणि कास्ट बहुतेक वेळा आपल्याकडूनच बिघडून जातात. समोरच्या जबड्याचं अल्जिनेट (ठसा घेण्याचं मटेरियल) दिवसभर ओल्या कापसात गुंडाळून पाठवलं तर ते बदलतं. दहा-पंधरा मिनिटांत ओतावं. अल्जिनेटमध्ये दातांच्या खाचांत हवा अडकली की कास्टवर तिथे प्लास्टरचा मोहरीएवढा दाणा उगवतो. तो दाणा कास्ट मिटू देत नाही, आर्टिक्युलेटर (कास्ट मिटवायचा यांत्रिक जबडा) उघडा राहतो आणि कॅप तेवढीच उंच होते. इम्प्रेशन घेण्याआधी बोटाने थोडं अल्जिनेट दातांवर चोळलं तर हे टळतं. तरी आले, तर लूप (भिंग) लावून ब्लेडने खरवडा.

आणि कास्ट हातात मिटवून त्यांच्यावरच शिमस्टॉक ओढा. तोंडात ४६-१६ धरते आणि कास्टवर सुटते, तर पुढे काहीच पाठवू नका. झिजेचे चकचकीत चट्टे वर-खाली एकमेकांत बसतात का तेही बघा.

शेवटच्या दाढेला ड्युअल ट्रे (एकाच बाजूच्या वरच्या-खालच्या दातांचा एकदम ठसा घेणारा) वापरू नका. प्रेपच्या मागे दुसरा दात नाही, म्हणून त्या अर्ध्या कास्टला मागे टेकू नसतो. ते मागून खाली बसतं किंवा डोलतं. पेशंट ट्रेच्या मागच्या पट्टीवर चावतात ते वेगळंच. ४७ साठी पूर्ण आर्च (दातांची अख्खी कमान) घ्या. पूर्ण आर्चचे कास्ट हातात घट्ट बसत असतील तर सगळ्या दातांवर पसरलेलं बाईट रेकॉर्ड उलट घोळ करतं, कारण खाचांतलं सिलिकॉन प्लास्टरवर पूर्ण बसत नाही. लावायचंच तर फक्त प्रेपवर, आणि ब्लेडने असं छाटा की कस्पच्या टोकांचे ठसे उरतील, हिरडीचा मागमूस राहणार नाही. इंट्राओरल स्कॅनर असेल तरी हाच नियम: स्क्रीनवर दाखवलेल्या टेकण्या तुमच्या पाच जोड्यांशी ताडून बघा, नाहीतर बाईट पुन्हा स्कॅन करा.

फेसबो. एका दाढेची कॅप, सुळे चांगले, बाकीचे दात बाईट नीट धरून आहेत, तर तो लागत नाही. मिटलेल्या जागेवर काम आहे, आणि सरकत्या हालचालींसाठी तोंड हाच आर्टिक्युलेटर आहे. उंची बदलायची असेल, एका बाजूच्या तीन-चार दाढा एकदम करायच्या असतील किंवा सुळ्यावर कॅप असेल, तर सेमी-ॲडजस्टेबल आर्टिक्युलेटर काढा. तिथे कॉन्डाइलचा उतार साधारण तीस अंश आणि बेनेट अँगल (बाजूला सरकताना कॉन्डाइल आत वळतो तो कोन) पंधरा, ही सरासरी बऱ्याचदा पुरते. लॅबमधला साधा बिजागरीचा सांगाडा वाईट नाही, फक्त त्याची बिजागरी दातांना फार जवळ असते. जाड रेकॉर्डवर माउंट करून मग त्यावर कास्ट मिटवले की मिटण्याचा कंस तोंडाशी जुळत नाही. म्हणून तिथे दात पूर्ण मिटलेल्या जागीच माउंट करायचं.

‘कॅप बाईटच्या खाली ठेवा’ हा सल्ला मलाही सीनियरकडून मिळाला होता, आणि आकर्षक आहे, कारण त्या दिवशी तक्रार येत नाही. पण समोर टेकू नसलेला दात जागी थांबत नाही. १७ खाली उतरते किंवा ४७ वर येते, आणि येताना सरळ येईल याची खात्री नसते. कलून आली की टेकणी नेमकी उतारावर होते. तोवर त्या बाजूचा भार ४६ उचलते. इम्प्लांट मात्र खराच अपवाद आहे. त्याला लिगामेंट नाही, घट्ट चावल्यावर दात जसा किंचित दबतो तसा तो दबत नाही. म्हणून इम्प्लांटवर हलक्या चावण्यात शिमस्टॉक सुटू द्यायची आणि घट्ट चावल्यावर धरू द्यायची.

तुमची आजची कॅप. क्रम असा ठेवा: पहिल्यांदा शिमस्टॉक, ४६-१६ आणि डावी बाजू. धरत असेल तर उंची आता बरोबर आहे. मग लाल-निळा, कोनाखाली दाब देऊन, उतारांसाठी. मग बाईट स्टिकने एकेक कस्प चाववा. चावताना दुखलं तर एक गोष्ट, पण सोडताना कळ आली तर मुळातल्या तड्याचा संशय घ्या; त्याला कितीही घासून उतार पडणार नाही. फ्लॉसने सिमेंटचा तुकडा आणि ४६-४७ मधला अन्न अडकण्याचा प्रश्न बघा, आणि एक आयओपीए (मुळापर्यंतचा छोटा एक्स-रे) काढा. वरच्या १७ वर बोट ठेवून पेशंटला चावायला आणि सरकवायला सांगा. बोटाला कंप जाणवला तर अडथळा अजून आहे.

काहीच सापडलं नाही तर थांबा. आठवडा-दोन आठवडे आपटलेलं लिगामेंट अडथळा काढल्यावरही लगेच शांत होत नाही. दहा-बारा दिवस त्या बाजूला मऊ खायला सांगा आणि मग पुन्हा तपासा. त्या दिवशीच्या ‘अजून दुखतं’वर बर चालला की बरोबर झालेली कॅप खाली जाते.

उतारावर लाल सापडलं तर बारीक डायमंड, भरपूर पाणी, हलका हात. झिर्कोनिया तापली की बारीक तडे जातात. त्यानंतर झिर्कोनियाचे पॉलिशिंग रबर, भरड ते बारीक सगळे टप्पे. घासून तशीच सोडलेली जागा १७ चं इनॅमल सँडपेपरसारखं खाते. नीट पॉलिश केलेली झिर्कोनिया समोरच्या दाताला फारसा त्रास देत नाही. आणि कॅप कुठे अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली असेल, किंवा तळ डोकावत असेल, तर पेशंटला खरं सांगून नवी करा. नवी बनवताना मी दाढेवर झिर्कोनिया एक मिलिमीटरच्या खाली नेत नाही. १७ चा कस्प उतरून टोकदार झाला असेल तर त्याला पेशंटच्या संमतीने किंचित गोल करणं हा रास्त मार्ग आहे. त्यासाठी कॅप बळी द्यायची गरज नाही.

नवी करताना काढलेली कॅप आणि नवं इम्प्रेशन यांच्या मधल्या दिवसांत टेम्पररी टेकती ठेवा, आणि लॅब स्लिपवर एवढं लिहा: ‘४७ झिर्कोनिया. पूर्ण आर्च कास्ट, हातात मिटवून माउंट करणे. शिमस्टॉक ४६-१६, ४५-१५, ३६-२६ वर धरते. कॅप बसवल्यावरही धरली पाहिजे. डिस्टोबक्कल कस्प बसका. डिस्टलला मोजलेली जागा १.३ मिमी. जागा कमी वाटल्यास काम थांबवून फोन करणे.’ १.३ च्या जागी तुमच्या गेजवर जो आकडा येईल तो घाला. आणि तो फोन आला तर पेशंटला परत बोलवा.